काढले त्याच्या उलट क्रमाने

देवाने माणसाला दोन कान दिले ते एकाने इंजिन ऐकायला आणि दुसऱ्याने गिअरबॉक्स ऐकायला, अशी ज्यांची पक्की समजूत आहे असे गृहस्थ जगात एकच असावेत, आणि ते मुळगावात आमच्या घराला लागून राहतात. मी त्यांना काका म्हणते. रक्ताचे नाते काही नाही. माझे बाबा दोडामार्गाकडून खाणीवर ट्रक चालवायला आले तेव्हा काकांनी त्यांना पहिला प्रश्न नाव-गावाचा केला नाही. "गिअर घालतंस तो हात दाखय," म्हणाले. बाबांचा तळवा ज्योतिषासारखा उलटासुलटा करून पाहिला आणि निकाल दिला, "जड हात. हो बॉक्स खातलो." पुढे बाबांनी खरोखरच तीन गिअरबॉक्स खाल्ले, ते तिन्ही काकांनीच बरे केले, आणि त्यातून आमचा घरोबा झाला. मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. आजवर निबंध लिहिले ते पर्यावरण, स्वच्छता असल्या विषयांवर. माणसावर कधी लिहिले नाही. त्यामुळे यात काही उणे दिसले तर ते माझ्या लिहिण्यातले समजावे, काकांमधले समजू नये.

काकांचा सगळा जन्म डिचोलीत खनिजाच्या ट्रकांचे गिअरबॉक्स उघडण्यात गेला. बॉक्स उघडण्याआधी ते एक वेताची काठी घेत, तिचे एक टोक चालू गाडीच्या बॉक्सला टेकवत, दुसरे कानाला लावत आणि डोळे मिटत. डॉक्टरसुद्धा इतका वेळ ऐकत नाही. ट्रकवाला बाजूला आपल्याच बाळाचा आजार ऐकायला आल्यासारखा उभा असायचा. मग काका तेलात बोट बुडवून ते अंगठ्यावर चोळायचे, उन्हात धरायचे, आणि पितळेची चकाकी दिसली की मान हलवायचे. त्यानंतर ड्रायव्हरची शाळा सुरू व्हायची. "गिअर घालतंस काय भात कांडतंस?" हे त्यांचे सगळ्यात सौम्य वाक्य. ओसरीवर बसल्या बसल्या, रस्त्यावरून जाणारा ट्रक न बघता ते कोणाचा आणि भरलेला की रिकामा ते सांगत. म्हापशाच्या बसस्टँडवर तर मी स्वतः पाहिले आहे. शुक्रवारच्या बाजाराची ती गर्दी, पन्नास बसगाड्यांचा एकच गोंगाट, आणि मध्ये काका डोळे मिटून उभे. बस अजून वळणाच्या पलीकडे असायची आणि काका पिशवी उचलायचे, "हो आमचो." आम्ही बाकीचे बोर्ड वाचायला माना उंचावतोय तोवर काका खिडकीची जागा धरून बसलेले असत. एकदा त्यांनी एका अनोळखी ड्रायव्हरच्या दारावर टकटक केली आणि सांगितले, "तिसऱ्याचो बेअरिंग गेलो तुझो. पंदरा दिसांत वराडतलो." ड्रायव्हर चिडून म्हणाला, "तुमी कोण ते सांगणारे?" काका शांतपणे म्हणाले, "मी कोण नाय. बेअरिंगाक विचार."

त्यांचे एक तत्त्व होते आणि ते त्यांनी जन्मभर पाळले. गिअरबॉक्स बदलायचा नाही. झिजलेला दात भरून घ्यावा, वॉशर उलटा करून घालावा, दुसऱ्या मेलेल्या बॉक्सचे एखादे चाक आणून बसवावे, पण बॉक्सच्या जागी बॉक्स ठेवू नये. "बदलूक कोणाकय येता. बरो करूक येता काय, ता सांग." कंपनीतून शिकून आलेला एक मेकॅनिक एकदा त्यांना म्हणाला की हल्ली कोणी एवढे करत बसत नाही, सगळे बदलतात. काकांनी त्याच्या बोटांकडे पाहिले. ती स्वच्छ होती. मग ते त्याच्याशी हवापाण्याचे बोलले, गिअरबॉक्सचा विषय पुन्हा काढला नाही.

असे हे काका, आणि त्यांच्या अंगणात एक लाल रंगाची, दोनच माणसांची, उघड्या छपराची परदेशी स्पोर्ट्स गाडी. एका भाटकाराच्या, म्हणजे इथल्या जमीनदाराच्या, मुलाने ती गोवा स्वतंत्र झाल्यावर थोड्याच वर्षांत हौसेने बाहेरून आणवली होती. पुढे तो परदेशी स्थायिक झाला, आणि गाडी माडाच्या झावळ्यांखाली पडून राहिली. काकांनी ती चालती केली, तेव्हा म्हाताऱ्या भाटकाराने, "तूच संबाळ हिका," म्हणून त्यांच्याच हवाली केली. ती इतकी बुटकी आहे की तीत बसलेला माणूस रस्त्यावरच्या कुत्र्याशी डोळ्याला डोळा देऊन बोलू शकतो. ट्रकांखाली आयुष्य काढलेल्या काकांना तिच्यात बसले की हसू यायचे. पण तिला एक खोड होती. दुसरा गिअर टिकत नसे. चढणीवर जोर आला की दांडी आपोआप सुटून मधे यायची आणि गाडी दम सोडायची. काकांनी तीनदा बॉक्स बरा केला, तीनदा खोड परत आली. शेवटी त्यांनी काथ्याच्या दोरीचे एक कडे वळले. दुसरा गिअर घातला की ते कडे दांडीत अडकवायचे आणि दुसरे टोक सीटखालच्या पट्टीला. तिसरा घालायच्या आधी शेजारी बसलेल्याने कडे काढायचे. काका ओरडायचे, "सोड!" आणि आपण सोडायचे. मी ते काम दोन-तीनदा केले आहे. परीक्षेच्या हॉलमध्येही मी इतके कान लावून बसले नव्हते.

आता काकी. काकींचे माहेर पेडणे तालुक्यात, आणि त्या गावात शिरताना एक दमछाक करणारी चढण आहे. बारा वर्षांपूर्वी गाडी नवी नवी चालती झाली तेव्हा काका त्यांना तीत बसवून माहेरच्या जत्रेला घेऊन निघाले. काकी नवी साडी नेसलेल्या, मांडीवर देवीच्या ओटीचे तबक. चढणीच्या निम्म्यावर दुसरा गिअर सुटला. गाडी थबकली आणि मग सावकाश मागे यायला लागली. तबकातला ओटीचा नारळ घरंगळला, दाराबाहेर पडला आणि उड्या मारत उताराने थेट पायथ्याला ओहोळावरच्या मोरीपाशी जाऊन थांबला. त्याच्या पाठोपाठ गाडीही तिथेच येऊन थांबली. वर चहाच्या टपरीवर काकींचे तिन्ही भाऊ आणि सगळा गाव उभा होता. काकी उतरल्या, नारळ उचलला, पदराने पुसला आणि म्हणाल्या, "तुमी आनी तुमचो दुसरो गिअर या सावकाश." आणि पूर्ण चढण चालत गेल्या. त्यानंतर त्या गाडीत बसल्या नाहीत. "गाडी कसली ती, पाट असा पाट. पाटार बसान कोण माहेराक जाता?"

बारा वर्षे त्या दर जत्रेला मुळगावहून म्हापसा आणि म्हापशाहून पेडणे अशा दोन बस करून जात. आणि काका? काका त्या बसच्या मागून गाडी घेऊन जात. अगदी मागोमाग, काथ्याचे कडे एका हाताने स्वतःच घालत-काढत. बस थांबली की थांबत, निघाली की निघत. काकी नेहमी शेवटच्या बाकावर बसत. मी विचारले, "काकी, मागे धक्के बसतात, पुढे बसा की." त्या म्हणाल्या, "हंय वारो बरो लागता." पण मी एकदा त्यांच्याबरोबर होते. वारा डाव्या खिडकीतून येत होता आणि काकी मागच्या काचेतून बघत होत्या.

मग खाणी बंद पडल्या. ट्रक ओळीने उभे राहिले, त्यांच्या चाकांभोवती गवत वाढले. बाबा घरी बसले. काका तर ओसरीवर बसून नुसते रस्त्याकडे बघत. सगळ्यांना धूळ गेल्याचे बरे वाटत होते. काकांना रस्ता मुका झाल्यासारखा वाटत होता. त्याच वर्षी जत्रा महिन्यावर आली असताना काकी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "औंदा माहेराक सांगान धाडा, माका येवक जमाचा नाय. गुडघे ऐकनत नाय. येक वेळ बसची पायरी चढान जायन, पण येताना परत दोन बसी, माका झेपाच्यो नाय." दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून येताच काकांनी कुंपणावरून हाक मारली. ते मला नावाने कधीच हाक मारत नाहीत. "ए कॉलेज! इंग्लिश वाचूक येता मगो तुका?"

"येतं," मी म्हणाले. ते अर्धेच खरे होते.

काकांनी देवघरातून एक पुस्तक आणले. गाडीच्या दुरुस्तीचे. भाटकाराच्या मुलाने गाडीत ठेवलेले, एका कोपऱ्याला वाळवीने खाल्लेले, मुखपृष्ठावर दरवर्षी दसऱ्याला लावलेल्या कुंकवाचे थर. इतकी वर्षे त्याची पूजा झाली होती, वाचन नव्हते. मी अडखळत गिअरबॉक्सचे प्रकरण काढले. बॉक्स कसा काढावा याची चार पाने होती, पण बसवण्याचे पान उघडले तर तिथे एकच ओळ. मी ती मराठीत सांगितली, "काढले त्याच्या उलट क्रमाने बसवावे."

काकांनी डोळे मिटले. "परत वाच."

मी परत वाचली.

"येवढां ग्यान एका वळीत! लिवणारो कोण तरी मोठो माणूस."

त्या क्षणापासून ती ओळ त्यांनी वेदासारखी धरली. मला नवी वही आणायला लावली आणि आपण जे जे करू ते क्रमाने लिहून ठेवायला सांगितले, म्हणजे उलट करताना चूक नको. जे जे म्हणजे खरोखर जे जे. ती वही माझ्याकडे अजून आहे. एक, गाऱ्हाणे घालून नारळ फोडला. दोन, चहा. तीन, काकींनी विचारले, "पाट मोडूक घेतलात काय?" चार, बॅटरीची वायर सोडली. पाच, सीट काढली. गाऱ्हाणे तर ऐकण्यासारखे होते. काका गाडीसमोर हात जोडून उभे राहिले, मागे बाबा आणि मी. "बा देवा म्हाराजा! आज ह्या बॉक्साक हात लावतंव, तो सुखान भायर येवंदे. खंयच्या बोल्टाचो माथो मोडाचो नाय, खंयचो पानो निसटाचो नाय, आनी माझ्या घरकान्नीक माहेराक पावंदे म्हाराजा!" आम्ही म्हणालो, "व्हय म्हाराजा!" ओसरीवरून काकींनी ऐकले. त्यांनी मान फिरवली, पण सूप पाखडायचे थांबले होते.

या गाडीचा बॉक्स खालून निघत नाही, माणसे बसतात तिथून, आतूनच काढावा लागतो. त्यासाठी आधी सीट बाहेर. डावी सीट, म्हणजे काकींच्या बाजूची, ठेवायला जागा नव्हती म्हणून ओसरीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहिले तर काकी तीवर बसून चिंचा सोलत होत्या. तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडत होत्या. सीटला मागे टेकायला होते, गुडघे लांब करता येत होते, आणि घरात तसे बसायला दुसरे काही नव्हते. आठवड्यात त्यांनी जुन्या लुगड्याची घडी घालून तिला खोळ शिवली. काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बगलंस? गाडयेत बसना, पण गाडी तिच्या बुडाखाली पावली. बोलू नको."

इकडे बॉक्स उघडला. दुसऱ्या गिअरचे दात करवंदाच्या बियांसारखे गुळगुळीत झाले होते. पण खरे दुखणे वेगळेच होते. ज्या घरात बेअरिंग बसते ते घरच झिजून सैल झाले होते, आणि ते भरून येणारे नव्हते. काका त्या बॉक्ससमोर उकिडवे बसले. जेवायला उठले नाहीत. बाबांनी भीत भीत विचारले, "आणखी एकदा बरो करून बगूया?" काकांनी झिजलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. "तीनदा केलंय. आता बरो करूक जावचा म्हणजे ह्याका छळूचा. आनी घरकान्नी दर वर्सा वाट बगता." मग जणू दुसऱ्याच कोणाचे वाक्य बोलावे तसे म्हणाले, "बदलूया."

मला गलबलले. बाबांनी तर टोपी काढली.

तसल्याच इंजिनाची एक चार माणसांची जुनी गाडी म्हापशात एका घरामागे पडली होती. तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. तिचा बॉक्स काकांनी जागेवरच हाताने फिरवून, काठी कानाला लावून तासभर ऐकला आणि पसंत करून काढून घेतला. नेमका शुक्रवार होता. गोणपाटात गुंडाळलेला तो बॉक्स मांडीवर घेऊन काका बसमध्ये बसले, शेजारी मी. एका बाजारकरणीने विचारले, "काका, बरो मोठो गावलो फणस?" काका म्हणाले, "व्हय. पण कापो काय बरको, ता फोडल्याबगर कळाचा नाय." कंडक्टर म्हणाला, "बघा हां, फणसाचो चीक कपड्यांक लागता." काका म्हणाले, "ह्याचा तेल लागला तर जलमभर जायना." दोघेही आपापल्या जागी बरोबर होते.

बसवायला घेतला तो मात्र काटेकोर उलट क्रमाने. क्लचची प्लेट मधोमध बसावी म्हणून नेमक्या जाडीचे काही तरी लागते. काकांनी काकींचे लाटणे सुताराकडून एका टोकाला तासून आणले आणि ते अगदी चपखल बसले. काकींनी आठवडाभर बाटलीने चपात्या लाटल्या आणि प्रत्येक चपाती वाढताना ती कशाने लाटली तेवढे सांगितले. सगळे बोल्ट आवळून झाल्यावर काकांनी विचारले, "कॉलेज, तेलाचा काय म्हणता पुस्तक?"

मी पान उघडले. तिथे आकडे आणि अक्षरे यांचा एक तक्ता होता आणि खाली बारीक टाइपात दोन ओळी. मला त्यातले तीन शब्द कळले नाहीत. काका, बाबा दोघेही माझ्या तोंडाकडे बघत होते. घरात पहिली शिकलेली म्हणून लोक बघतात तसे. मला म्हणता आले नाही की कळत नाही. मी म्हणाले, "गिअर ऑइल घाला म्हणतं."

काकांनी आपल्याकडचे सगळ्यात उत्तम तेल घातले. खनिजाच्या ट्रकात घालतात ते, मधासारखे घट्ट, सांडले तर वेलांटी काढत पडणारे. त्यांच्या दृष्टीने त्याहून मोठा मान कोणत्याही बॉक्सचा नव्हता.

मग उलट क्रमाने सीटही गेली. काकींनी ती उठून दिली, पण खोळ काढून घेतली नाही. गाडीत आता तिरफळांचा वास येत होता, कारण त्या सीटवर तिरफळे वाळत घातली होती. वहीत नारळ पहिला होता, म्हणून काकांनी तो अगदी शेवटी, गाडी चालवून आल्यावर फोडायचा म्हणून राखून ठेवला. गाडी सुरू झाली. काकांनी क्लच दाबला, दांडी ढकलली. दांडी काकवीत रोवल्यासारखी. पहिला कसाबसा पडला. दुसरा घालताना करकरले, दांडी अडली, काकांनी हात काढून घेतला. त्यांनी जन्मात कधी गिअर करकरवला नव्हता. ते खाली उतरले आणि गाडीच्या नाकावर हात ठेवून उभे राहिले.

"नारळ शेवटाक ठेवलो, थंय चुकला," म्हणाले. "देवाक कोण उलटो क्रम लायता? म्हातारपणी बुद्धी गेली माझी. नायतर बॉक्सच वायट. बदलूचा नाय म्हणत होतंय, तेच खरा."

जत्रा पाच दिवसांवर होती. काकी ओसरीवर सीटच्या रिकाम्या जागेकडे बघत उभ्या होत्या. टोमणा येईल म्हणून मी श्वास धरला. त्या एवढेच म्हणाल्या, "जेवून घेवा. जत्रा काय, फुडल्या वर्सा पण येतली."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन ते पान शब्दकोशासमोर ठेवले. एकेक शब्द शोधला. ओळींचा अर्थ होता: या बॉक्सला पातळ तेलच घालावे; घट्ट तेल घातल्यास गिअर नीट पडत नाहीत. पूर्ण वाक्य एका पानावर माझ्या हाताने लिहिले, तेव्हा ग्रंथपालबाईंनी विचारले, "रडायला काय झालं?" तरी घरी येऊन सांगायला मला आणखी दोन दिवस लागले.

काका गाडीखाली होते. परत सगळे काढायला पाने मांडून ठेवले होते. मी उभ्या उभ्या सांगितले. "काका, नारळाचं काही नाही चुकलं. बॉक्सही चांगला आहे. तेलाच्या पानावरचं मला कळलं नव्हतं. कळलं नाही असं सांगायची लाज वाटली."

काका गाडीखालून बाहेर आले. मला वाटले, आता भात कांडण्यापेक्षा मोठे काही तरी ऐकावे लागणार. त्यांनी हात पुसले. "किती दीस ठेवलंस पोटात?"

"तीन."

"माझ्या पोटात साठ वर्सां असा." त्यांनी ओसरीकडे पाहिले, काकी आत होत्या. "माका मराठी पण वाचूक येना गो. सही तेवढी येता. बसचो बोर्ड वाचूक येना, म्हणान आवाज शिकलंय."

म्हापशाचा तो स्टँड, मिटलेले डोळे, "हो आमचो." आम्ही सगळे ज्याला कौतुकाने हसत होतो. काकाच पुढे म्हणाले, "कळना नाय म्हणान सांगूक तुका तीन दीस लागले. तू माझ्यापरास हुशार. आता पातळ तेल खंय गावता ता वाच." (हे इथे लिहू का, असे मी त्यांना विचारले आहे. "लिव," म्हणाले. "काकीक म्हायत असा. ती काय म्हापशात बोर्ड उगीच मोट्यान वाची?")

घट्ट तेल काढले, पातळ घातले. काकांनी दांडीला दोन बोटे लावली. दुसरा गिअर पडला तो आवाजच झाला नाही. पाटावर वाटी ठेवल्यासारखा. मग नारळ फुटला, चहा झाला, आणि वहीतल्या क्रमाप्रमाणे फक्त काकींचा प्रश्न राहिला. काका ओसरीसमोर जाऊन म्हणाले, "तू विचारलंलस, पाट मोडूक घेतलात काय? मोडलो आनी जोडलो. आता बस."

काकी म्हणाल्या, "हंयसून नाय. उतरलंय थंय बसतलंय. तुमच्या पुस्तकात उलट क्रमच म्हटला मगो?"

पुस्तक काकांच्याच देवघरातले होते.

म्हणून जत्रेच्या दिवशी पुन्हा तेच. मी काकींना हात देऊन बसमध्ये चढवले, म्हापशाला उतरवले, पेडण्याच्या बसमध्ये चढवले. शेवटचा बाक. मागच्या काचेत लाल ठिपका. चढणीच्या पायथ्याला मोरीपाशी काकींनी बस थांबवली. गुडघ्यांवर हात टेकत उतरल्या, तबक सावरले, आणि बारा वर्षांपूर्वी नारळ जिथे थांबला होता तिथे उभ्या राहिल्या. गाडी येऊन थांबली. काकी वाकल्या, आणखी वाकल्या, कारण गाडी होती तेवढीच बुटकी होती, आणि एकदाच्या आत बसल्या. हाताने सीट चाचपली. "ही माझीच सीट," म्हणाल्या, जणू ती चुकून दुसऱ्याच्या गाडीत गेली होती. दांडीवर काथ्याचे कडे तसेच लटकत होते. काकांनी ते सवयीने ठेवले होते. काकींनी ते काढून माझ्या हातात दिले. "ह्या धर. माका ओटी धरूची असा."

गाडी दोघांचीच. मी मोरीवर उभी राहिले.

त्यांना जाताना पाहायला हवे होते, पण मी डोळे मिटले. काकांनी शिकवल्यासारखे. पहिला गिअर, मग तो मऊ थांबा, मग दुसरा. आवाज चढणीवर जड होत गेला. निम्म्यावर, जिथे पूर्वी सुटायचा तिथे, माझी मूठ कड्यावर आवळली. आवाज तुटला नाही. वर वर गेला, टपरीपाशी गेला, आणि तिथे तिसरा पडला. कोणी "सोड" म्हणून ओरडले नाही.

मग मी चढण चालायला लागले. वर ढोल सुरू झाला होता. पुढे मी शिकायला दूर गेले, आणि हल्ली मी ज्या शहरात असते तिथे बसवर दिव्यांच्या अक्षरांत गावांची नावे पळत असतात. मला ती वाचता येतात. तरी कधी कधी मी थांब्यावर डोळे मिटून उभी राहते आणि माझी बस कुठली ते ओळखता येते का बघते. अजून जमलेले नाही. काकांना फोनवर सांगितले तर म्हणाले, "जमतला. घाई करू नको. कळना नाय तर डोळे उघडून वाच, तुका येता मगो."